बाळूला कळलं

एकदम लाइट गेली, तर बंद पडलेलं मशीन आपण बंद पडलो हे लिहितं कसं? हे मी दादाला विचारलं होतं. दादा म्हणाला, "आधी जेव, मग सांगतो." जेवला आणि झोपला! दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. दोन महिने झाले. अजून कुणी सांगितलेलं नाही.

माणूस असतो तेव्हा किस्से साठतायत हे कळत नाही. नंतर बघावं तर घरभर सांडलेले! दादाचे तर कॉम्प्युटरमध्येही निघाले.

दादा सातपूरला एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात होता. कारखान्यातलं मशीन कधी चालू झालं, कधी बंद झालं, याची नोंद ठेवणारा प्रोग्राम त्यानं लिहिला होता. प्रोग्रामच्या मधेमधे माणसांसाठी टिपा लिहितात. त्यांना कॉमेंट म्हणतात. मशीन त्या वाचत नाही. दादानं सगळ्या मराठीत लिहिल्या, इंग्रजी अक्षरांत. मी नववी नापास, वेल्डिंग करतो, पण तेवढं मला वाचता येतं.

*

तो प्रोग्राम पुण्याच्या एका कंपनीनं घेतला. त्यांना कॉमेंट साफ करून हव्या होत्या, इंग्रजीत. दादाबरोबर काम करणाऱ्या मनीषा मॅडमचा फोन आला, "बाळूभाऊ, येता का? बरंच घरातलं लिहिलंय. आम्हाला लागत नाही."

मी पोचलो तेव्हा मॅडम दादाच्या कॉम्प्युटरवर एक ओळ पुसत होत्या. दादाचं लिहिलेलं पुसतात! डोकं फिरलं. मी वाकलो आणि प्लगच उपटला.

मॅडमनी प्लग लावला, कॉम्प्युटर चालू केला. दादाचा प्रोग्राम त्याच्यावरही चालायचा. पहिलीच ओळ आली, "मागच्या वेळी न सांगता गेला."

मी ती ओळ परत वाचली.

"नीट बंद केलं नाही की असंच म्हणतो तो," मॅडम म्हणाल्या. "चहा घ्या."

*

मग शिफ्ट सुटली की रोज जायला लागलो. मी अर्थ सांगायचो, मॅडम इंग्रजीत लिहायच्या.

एका ठिकाणी नुसतं होतं, "इथं थांब. मनमाड."

पुण्याहून आलेला सौरभ सकाळपासून मनमाड नावाची फाइल शोधत होता! मला म्हणाला, "मनमाड डिलीट झालंय बहुतेक."

"कसं होईल? आमचा मामा राहतो तिथं!"

लहानपणी मामाकडून येताना गाडीत चढलो तरी ती मनमाडला उभीच राहायची. मी दारातून उडी मारायला बघायचो. दादा कॉलर धरून म्हणायचा, "इंजिन लागू दे. घाई नाय करायची." इथंही नोंद साठवायची डिस्क तयार होईपर्यंत मशीनला थांबायचं होतं. मॅडमनी तसं साधं लिहिलं.

सौरभ म्हणाला, "मनमाडच बरं होतं."

*

सुरुवातीलाच एक होती, "बाकी काम नंतर. पहिलं फूल देवाचं." म्हणजे मशीन उठलं की सगळ्यात आधी मागच्या वेळी कसं बंद झालं त्याची नोंद करायची.

आमचा झेंडूचा मळा आहे. आई बाजाराला माल भरायच्या आधी एक फूल देवापुढे ठेवते. घरी जाऊन तिला हे सांगितलं. ती दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

"म्हंजे त्या डब्याला पण बोहनी लागती व्हय?"

*

दहा-दहा ओळींवर लिहिलेलं, "बाळूला कळलं." सौरभनं घाबरत विचारलं, "मॅडम, हे बाळू कोण? सीनियर होते का?"

मॅडमनी माझ्याकडं बोट केलं. "हेच ते. यांच्या मंजुरीशिवाय इथून काही बाहेर जायचं नाही!"

दादा रोज जेवताना मला प्रोग्राममधला एखादा मेसेज वाचून दाखवायचा आणि कळलं का विचारायचा. मला कळलं तर कारखान्यातल्या कुणालाही कळेल, असं त्याचं गणित. मला वाटायचं, माझी टिंगल करतोय.

एका ठिकाणी मात्र होतं, "बाळूला नाही कळलं. खरं तर मलाही नाही."

*

शेवटच्या दिवशी एकच कॉमेंट राहिली. मशीन बंद होतं तिथली. "इथं 'बंद' लिहायचं नाही. घरातून निघताना म्हणतो तेच लिही, नाहीतर आई ओरडेल."

"ही पुसू?" मॅडमनी विचारलं. त्यांचा हात थांबला होता.

दादा स्वतः जेवण झालं की ताटाखालची जागा पुसून उठायचा. मी म्हटलं, "पुसा."

पुण्याला स्वच्छ प्रोग्राम गेला. दादाच्या कॉम्प्युटरवर तेवढा जुना राहिला. सोमवारपासून त्या खुर्चीत नवीन माणूस बसणार होता, कॉम्प्युटरही कोरा करून मिळणार होता त्याला.

"आज मी बंद करतो," मी म्हटलं. मॅडम प्लगकडं बघायला लागल्या.

"नीट करतो, मॅडम. दाखवा कुठं दाबायचं."

त्यांनी दाखवलं. मी दाबलं. पडदा काळा व्हायच्या आधी एक शब्द आला, "येतो."

"ये दादा," मी म्हटलं. "सावकाश ये."