देवाला दिलेली भाकरी

"शिजवलेलं लिलावात चालत नाही, बाई. परत घेऊन जा."

चर्चचे पंच हसत बोलले. सगळ्यांसमोर. त्या दिवशी कापणीचा सण होता. ज्यानं त्यानं आपल्या कष्टातलं देवापुढं ठेवायचं, मग पंचांनी त्याचा लिलाव करायचा आणि पैसे चर्चला, अशी रीत. माझ्या आधी मास्तरीणबाईंचा केक गेला होता. त्यावर चांगली चढाओढ झाली. केक काय झाडाला लागतो?

माझ्या टोपलीत कडक भाकरी होत्या. दुष्काळात रेशनवरचा लाल मिलो जोंधळा गिळला. त्यानंतर पहिल्यांदा हाताला पांढरा जोंधळा लागला, तो दळून केलेल्या. पण आम्ही मांगवाड्यातले. पंचांचं घराणं ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या. जात मात्र त्यांनी नीट जपून ठेवली होती. माझ्या हातचं कोण खाणार?

राग आला नाही. रडूही आलं नाही.

नवरा वारल्यावर माझी झोप गेली होती. गिरणीत कामावर उभ्याउभ्या डोळे मिटायचे, घरी आले की टक्क उघडे. याच चर्चमध्ये ऐकलं, की ओझं येशूपाशी ठेवता येतं. ठेवलं. त्या दुपारी झोपले ती दिवेलागणीला उठले. त्या विसाव्यासाठी मी बाप्तिस्मा घेतला. आता टोपली उचलून निघाले तर तोही जाईल, असं वाटलं. पुन्हा ते उघडे डोळे. भीती फक्त त्याची होती.

पंचांच्या बायकोनं टोपली माझ्या हातात दिली. "घे गं. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी ती परत टेबलावर ठेवली.

"ही मी देवाला दिलीया. तुमाला न्हाय. दिलेलं माघारी न्यायचा हक्क मला न्हाय, आन् ते परत करायचा तुमालाबी न्हाय."

पाळकसाहेब खाली बघत राहिले. पंचांनी भोपळ्याची बोली सुरू केली. माझ्या भाकरीवर बोली लागलीच नाही.

घरी गेले आणि झोपले. गाढ झोपले. उठल्यावर कळलं, विसावा या लोकांच्या हातात कधीच नव्हता.

पुढच्या रविवारी मी पहिल्या बाकावर बसले. शेजारची बाई पदर सावरत मागं गेली. जाऊ दे. मी चर्च सोडणार नाही, मागंही बसणार नाही. ज्याला मला उठवायचंय, त्यानं आधी येशूला विचारून यावं.