एर्मीनियाच्या सिनेमातून कापलेलं नाव

एर्मीनिया बाबासूच्या माडाची फळं फोडायला बसली की कुऱ्हाडीचं पातं वर करून दांडा मांडीखाली दाबायची, पात्यावर फळ धरायची आणि दंडुक्याचा एकच घाव घालायची. गर अख्खा बाहेर. तोंड त्या पात्याहून धारदार. तिच्या लेकीची मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणायचो, भांडतानासुद्धा.

तिच्या नवऱ्याला, काझिमिरोला, जमीनमालकाच्या बंदूकवाल्या निवाल्दोनं भर दुपारी गोळी घातली. गुन्हा एवढाच की मालकानं बाबासूच्या झाडांभोवती घातलेली तार त्यानं आम्हा बायकांसाठी तोडली होती. सगळ्या वाडीनं पाहिलं आणि ठाण्यात सगळी वाडी आंधळी झाली. मीही त्यातलीच. तेव्हापासून दर सोमवारी, म्हणजे मृतात्म्यांच्या वारी, एर्मीनिया चर्चमध्ये गेलेल्यांची नावं घ्यायची. तिनं नाव घेतलं की आम्ही बायका एका सुरात म्हणायचो, "देवा, त्याच्यावर दया कर."

मग शहरातून तायस नावाची पोरगी कॅमेरा घेऊन आली. एर्मीनियानं तिला सगळं सांगितलं, मारेकऱ्याच्या नावासकट.

"हा सिनेमा मी परदेशातल्या महोत्सवात नेणार," तायस म्हणाली. "ब्राझीलचा सिनेमा तिकडच्यांनी वाखाणला तरच इकडचे बघतात, एर्मीनियाबाई."

"म्हणजे शेजारणीनं पोराला गुणी म्हटलं की मगच आई त्याला जेवायला वाढणार. धन्य आहे बाई तुमची!"

पुढच्या वर्षी रेडिओवर बातमी आली, सिनेमाला तिकडे बक्षीस मिळालं. एर्मीनियाचा जावई अकलेचा कांदा. त्यानं हर्षानं दारूचे बाण उडवले, आणि आवाज नदीपलीकडे मालकाच्या घरापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी निवाल्दो तिच्या दारात उभा. मी आत पीठ भाजत होते. हातातलं उलथनं खाली ठेवायचंही मला सुचेना.

"सिनेमावाली झालीस म्हणे, मावशी. कॉफी तरी पाज."

तिनं कॉफी दिली.

"माझं नाव घेतलंस त्यात?"

"घेतलं. तिकडे जगभरच्या लोकांनी ऐकलं. आता मला साधी ठेच लागली तरी ते तुलाच विचारायला येतील."

त्यानं कप तसाच खाली ठेवला. "इथं दाखवणार आहेत ना? येतो की बघायला."

तो गेल्यावर एर्मीनिया भिंत धरून खाली बसली. त्यानंतर ती आज माझ्याकडे, उद्या लेकीकडे, अशी झोपायला जागा बदलू लागली. मोटरसायकल वाजली की निवाल्दोच आला समजून आम्ही दिवा विझवायचो.

सिनेमाच्या दिवशी तायस आली आणि तिनं एर्मीनियाला मिठी मारली. "काही भिऊ नका. त्याचं नाव मी कापून टाकलंय. परदेशातसुद्धा कुणी ऐकलेलं नाही. तुमच्या जिवाला घोर नको."

एर्मीनियाचा चेहरा राखेसारखा झाला. "पोरी, त्या नावावरच तर मी जगतेय गं."

तायस रडायला लागली. खेळच रद्द करते म्हणाली. "रद्द केलास तर नाव नाही हे त्याला आत्ताच कळेल," एर्मीनिया म्हणाली. "लाव."

अंधार पडल्यावर चर्चच्या पांढऱ्या भिंतीवर सिनेमा सुरू झाला. आम्ही बायका पुढे बसलो होतो. मागे आंब्याखाली निवाल्दो मोटरसायकलवर बसला होता. मी वळून पाहिलं नाही, पण त्याच्या सिगारेटचा वास येत होता. भिंतीवरची एर्मीनिया बोलत होती, "माझ्या नवऱ्याला ज्यानं मारलं, तो..." आणि एकदम माडांची रांग आली, वारा आला, नदी आली. नाव आलंच नाही.

मागून तो हसला. "एवढंच होय, मावशी?"

 शेजारची एर्मीनिया उठली. आवाज सोमवारचा होता, चर्चमधला तोच लांब ओढलेला सूर.

"निवाल्दो, कासियानोचा मुलगा."

आणि आमची तोंडं आपसूक उघडली. वर्षानुवर्षांची सवय ती. सगळ्याजणी एका सुरात म्हणालो, "देवा, त्याच्यावर दया कर."

म्हणून झाल्यावर कळलं आम्ही काय केलं. जित्या माणसासाठी मेल्याची प्रार्थना! कुणी घाईघाईनं क्रूसाची खूण केली, कुणी तोंडावर हात धरला. आता तो बंदूक काढणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

बंदूक वाजली नाही. मी मागे पाहिलं. भिंतीवरच्या उजेडात त्याचा चेहरा पांढराफटक दिसत होता, हात छातीवरच्या ताइताशी. एर्मीनियानं पुन्हा तोंड उघडलं.

"गप्प बस!" तो ओरडला. "परत नाव घेऊ नकोस माझं!" गाडी एका झटक्यात सुरू होईना. दोनदा बंद पडली, मग सुरू झाली, आणि तो गेला.

एर्मीनिया खाली बसली. तिनं माझा हात धरला.

"गेला का गं, कोमाद्रे?"

"गेला."

"मग बघू दे मला माझा सिनेमा," ती म्हणाली. भिंतीवर आता काझिमिरोचा फोटो आला होता. पण तिचे डोळे अजून भीतीनं गच्च मिटलेले होते, आणि ते काही केल्या उघडेनात.