देव पाण्यात होते तोवर

“धीराची पोर आहे हो तुमची,” असं कोणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. सातपूरला आमच्या गल्लीत सगळे तेच म्हणत. बाप गेला, पण नऊ वर्षांच्या परीनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. शाळेत जाते, भांडी घासते, मला चहा करून देते. मोठ्या दिरांनी तिच्या पाठीवर थाप मारली, “वाघीण आहे आमची!” मी मान खाली घालून ऐकलं. चारचौघांत मला बोलता येत नाही. पण मनात आलं, वाघीण म्हणून मोकळे झालात, एक दिवस तिला घरी जेवायला तरी नेलंत का?

त्याहून जास्त राग देवावर होता. परीच्या वडिलांची कावीळ बळावली, त्यांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी देव्हाऱ्यातले सगळे देव पातेल्यात पाण्यात घातले. आमच्यात संकटात तसं करतात. संकट टळलं की देव बाहेर काढायचे. परी तेव्हा रडत होती. मी तिच्यावर खेकसले, “देव पाण्यात असताना रडायचं नसतं. वाईट होतं.” अकराव्या दिवशी हे गेले. तेराव्यानंतर सासूबाई म्हणाल्या, “आता काढ गं देव.” मी जन्मात पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले. “राहू द्या तिथंच. गुदमरू द्या त्यांनाही.” पातेलं तसंच राहिलं. मी तिकडे पुन्हा बघितलंच नाही.

मग रोज सकाळी परीचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडेना. एक दिवस दुपारी शाळेतून फोन आला. काम सोडून मी धुसफुसतच गेले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी होत्या, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. परी त्यांच्या चुलीशी लसूण सोलत बसली होती. मावशींनी मला नळापाशी नेलं.

“ताई, पोट दुखलं की ही माझ्याकडं येती. मी लसूण देते हातात. आज म्हटलं, बाप गेला तुझा, रड की जरा. तर म्हणती, देव अजून पाण्यात हायेत, मी रडले तर आई पण जाईल. कोणी भरवलं हो हे पोरीच्या डोक्यात?”

“मी,” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

घरी येऊन पातेलं पुढे ओढलं. इतक्या दिवसांनी पाणी हिरवं झालं असेल असं वाटलं होतं. ते स्वच्छ होतं. “मी बदलते रोज,” परी म्हणाली. एकेक देव मी पुसला, तिनं देव्हाऱ्यात मांडला. शेवटी देवीचा टाक ठेवून तिनं विचारलं, “आता?”

“आता रड.”

ती अशी रडली की शेजारच्या काकू धावत आल्या. “अगं, तू धीराची ना? गप, गप.” मी ओरडले, “गप करू नका तिला! नऊ वर्षांची आहे ती.” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मावशींना त्याच दिवशी परीला ‘रड’ म्हणावंसं का वाटलं, मला सांगता येत नाही. देवीवरचा राग गेलेला नाही. रोज दिवा लावते आणि तिला विचारते, का नेलंस? पण आता समोर बसून विचारते, आणि हे मला एकटीला पेलवत नाही, हेही तिलाच सांगते. पोरीच्या अंगावर टाकत नाही.

काल मी चहा मागितला तर परी म्हणाली, “मी नाही करणार, मी खेळतेय.” मी उठून देवीला हात जोडले आणि चहा ठेवला.