मास्तरांनी खोडलेलं

"मास्तरांनी खोडलेला शब्द पुन्हा घ्यायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही!"

जळगावात कोर्टाजवळच्या टायपिंगच्या दुकानात मी कामाला लागले, त्या दिवशी मालक आबांनी मला हे आधी सांगितलं. पगाराचं नंतर!

अशा दुकानात किस्से कार्बन लावल्यासारखे साठतात. वरचा एक उचलला की खाली आणखी निघतात. त्यातले हे थोडे.

*

गावोगावचे लोक अर्ज, पत्रं, पत्रिका इंग्रजीत लिहून आणायचे. मास्तर, म्हणजे निवृत्त इंग्रजी शिक्षक, लाल पेन्सिलीने ते सुधारायचे. मग आमचे जुने टायपिस्ट नाना टाईप करायचे. मास्तरांचा राग एकाच गोष्टीवर: फालतू शब्द.

यावलच्या एका केळीवाल्या भाऊंनी दिल्लीच्या व्यापाऱ्याला पत्र लिहिलं होतं. सुरुवातच "आय मोस्ट हंबली अँड रिस्पेक्टफुली बेग टू स्टेट" अशी! मास्तरांनी सपासप रेघा मारल्या. उरलं एवढंच: केळी तयार आहेत, ट्रक पाठवा.

सगळा कागद लाल झालेला बघून भाऊ भडकले. "हाई काय शे, मास्तर? बठ्ठा कागद लाल करी टाका!"

मास्तर म्हणाले, "भाऊ, केळी विकताय की भीक मागताय?"

हा किस्सा नानांकडून ऐकलेला. मी मास्तरांना कधीच पाहिलं नाही. मी लागले तेव्हा त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं.

खोडाखोड मात्र चालू होती!

*

दुकानाची पद्धत अशी होती. दुपारी जेवायला निघताना सगळे मसुदे मास्तरांच्या टेबलावर, त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवायचे. बाहेरून कुलूप. जेवून आलं की कागदांवर लाल रेघा.

मला वाटलं, नाना करतात. एकदा आबा धुळ्याला गेलेले असताना किल्ली मीच ठेवली आणि नानांना खानावळीत माझ्यासमोर बसवलं. ते हात धुवायला उठले तरी मी मागे.

परत येऊन कुलूप काढलं. कागद लाल!

नाना ढेकर देऊन म्हणाले, "आज शेवभाजी जरा तिखट होती, नाही का?"

*

पाचोऱ्याचे एक गृहस्थ मुलाच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका घेऊन आले. भाषा चांगली होती. तरी मास्तरांची एक रेघ आलीच, आशीर्वाद देणाऱ्या आजोबांच्या नावावर.

"यात कसली चूक?" मी म्हटलं. नानांनी नाव गाळून पत्रिका टाईप केली.

गृहस्थ ती न्यायला आले ते डोक्याचा गोटा करून. म्हणाले, "ताई, एक नाव काढायचं होतं..."

मी कागद पुढे केला. ते वाचतच राहिले.

त्या दिवशी मी आबांना गाठलं. खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली की तो शब्द तसाच ठेवायचा, ही प्रूफ तपासणाऱ्यांची खूण मला कॉलेजात शिकवली होती. "आबा, त्या नावाखाली मी टिंबं दिली असती तर?"

"द्यायची नाहीत."

"पण का?"

"'का' हा शब्दच फालतू आहे, पोरी."

*

एक बँकेतले साहेब बदलीचा अर्ज घेऊन आले. "मी आणि माझी पत्नी" असं लिहिलं होतं. पत्नी लाल झाली! साहेब हसले. "बरोबर आहे. नोकरी माझी, तिचं काय काम?"

पुढच्या महिन्यात त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या, स्वतःच्या नोकरीचा अर्ज घेऊन. माहेरी निघून आल्या होत्या.

त्यांच्या अर्जावर मास्तरांची एकही रेघ नव्हती.

*

आता शेवटचा. धुळ्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची जागा निघाली. मी अर्ज लिहिला. ओळखीचे म्हणून खाली आबांचं आणि नानांचं नाव दिलं. आबांना ते मुळीच पटलं नव्हतं. "पोरीच्या जातीने एकटं राहायचं? धुळ्यात?"

माझा अर्ज मी डबीखाली ठेवणार नव्हते. मी हात धुवायला गेले तेवढ्यात आबांनी तो सरकवला.

जेवून आलो. अख्ख्या पानावर एकच रेघ होती. माझ्या नावावर.

आबा घसा साफ करून म्हणाले, "फाडून टाक. धुळ्याचं नाव काढू नको. सरळ घरी जा."

"आणि घरी काय करू? वाट बघू?"

"पोरी, नियम आहे."

"मी फालतू नाही, आबा!"

मी मास्तरांची पेन्सिल उचलली आणि माझ्या नावाखाली टिंबं दिली. इतकी दाबून, की कागदाला भोकं पडली. अर्ज परत डबीखाली ठेवला. "मास्तर, पुन्हा वाचा," म्हटलं, आणि पेन्सिल मुठीत घेऊन दोघांना बाहेर काढलं. कुलूप लावलं. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला.

आत आलो. माझं नाव जागेवर होतं. खाली टिंबं. नवीन रेघ तिथे नव्हती.

ती पानाच्या तळाशी होती. आबांच्या नावावर.

आबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. मग हळूच माझ्या मुठीतल्या पेन्सिलीकडे पाहिलं.

"बोला आबा," मी म्हटलं. "नियम काय आहे?"

आबांनी पेन्सिलीसाठी हात पुढे केला.