मंगलीबाईची भिंत

आलापल्लीहून आत जंगलात असलेल्या एका गावात मी अकरा वर्षं मास्तर होतो. मंगलीबाईचं घर शाळेसमोरच. पोचू, तिचा नवरा, लवकर वारलेला. मोहफुलं वेचायची, तेंदूपानं तोडायची, दोन बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या लहान शेतांत, धान पिकवायचं आणि एकुलत्या दिनेशला वाढवायचं, यात तिचं वर्ष जाई.

दिवाळीआधीचे चार दिवस मात्र ती कुणाच्या हाती लागत नसे. माती-शेणाने घराची समोरची भिंत लिपायची. ती वाळली की बांबूची काडी ठेचून तिचा कुंचला करायचा आणि पांढरी माती, गेरू नि चुलीची काजळी यांनी त्या वर्षी गावात जे घडलं ते काढायचं. मागल्या वर्षीची चित्रं लिपणाखाली जात. त्याचं तिला काही वाटत नसे.

मी गावात आलो त्याच वर्षी भिंतीवर एक खुर्ची उमटली. खुर्चीत चष्मेवाला माणूस, मान छातीवर, तोंड उघडं. भोवती पोरं विटीदांडू खेळतायत.

"मंगलीबाई, हे काय?"

"खोटं हाये काय, गुरुजी? पाह्यलं तेच काढतो मी."

खोटं नव्हतं. दुपारी मी उभ्याने शिकवू लागलो. तरी पुढच्या दिवाळीपर्यंत तो माणूस मला शाळेच्या दारातून रोज दिसत होता.

तिची नात निशा लहानपणापासून तिच्या मागेपुढे असे. पण कुंचला हाती मिळायला तिला बारा वर्षांची व्हावं लागलं. "आधी लिपाले शीक," आजी म्हणायची. "लिपण धरलं तर रंग धरते."

गेल्या माघात मंगलीबाई गेली. त्याआधीच्या दिवाळीत तिने गावात नवीन आलेला मोबाइलचा टॉवर काढला होता. त्यावर चढलेली माकडं, खाली हात जोडून उभा सरपंच. पावसाळा लागताच दिनेशने त्या भिंतीवर ताडपत्री घट्ट ताणून बांधली. आईच्या हातचं शेवटचं काम भिजू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

दसऱ्यानंतर मी गावी भेटायला गेलो, तेव्हा त्याने माझ्यासमोरच ताडपत्री सोडली. आतून कुबट वास आला. भिंत कमरेपर्यंत फुगली होती आणि टॉवरच्या पायातून वाळवीच्या रेघा वर चढल्या होत्या.

शेजारच्या केसरबाई बघायला आल्या. "मातीले कोंडलं तू, दिनेश. तुले असं चार महिने कोंडलं असतं तं तूबी फुगला असता."

निशाने भिंतीला हात लावून पाहिला. "बाबा, वाळवी काढून आता लिपलं नाई तं भिंतच बसते."

"अन् लिपलं तं मायच्या हातचं जाते. काऊन, तुले पुसवते?"

"मोबाइलमध्ये फोटो हाये ना."

"फोटोवर मायचं बोट फिरलं काय?"

"आजी दरसाल लिपतच होती."

"थे सोताचं लिपे," दिनेश म्हणाला. "तू तिचं लिपून राह्यली."

  

निशा काडीने वाळवी काढू लागली, तेवढ्यात कोपऱ्यातलं मनगटाएवढं जाड ढेकूळ सुटून खाली पडलं. त्याच्या कडेला लिपणाचे थर पोळीच्या पदरांसारखे मोजता येत होते. भिंतीत खोल, जिथून ते सुटलं तिथे, जुना गेरू दिसत होता. दिनेश गुडघ्यांवर बसला. लाल सदऱ्यातलं एक पोर कुणाच्या तरी खांद्यावर बसलेलं.

"हे कोण?"

केसरबाई वाकल्या. "तूच. पोचूनं तुले खांद्यावर घेऊन मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ दाखवाले नेलं होतं. तवा तू तीन वर्साचा होता."

बापाची त्याला आठवण नव्हती. आईने हेही लिपून टाकलं होतं, तरी तो लाल सदरा आत तसाच होता. तो उठला नि त्याने घमेलं उचललं.

"तळ्याकाठची माती आणतो," तो निशाला म्हणाला. "बांधीतली फुटते."

माती त्यानेच मळली. निशा वरची बाजू लिपत गेली, टॉवर गेला, माकडं गेली. कोपऱ्यातलं ते पोर मात्र तिने बापासाठी ठेवलं होतं. दिनेशने ओंजळभर लिपण घेतलं आणि त्या पोरावरून आपलाच तळवा फिरवला. अगदी हळू, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसा.

तिसऱ्या दिवशी भिंत वाळली. निशाने कुंचला घेतला. पहिलीच रेघ वाकडी गेली. तिने ओल्या फडक्याकडे हात नेला.

"मले आजीसारखं येत नाई, बाबा."

"राहू दे ना," दिनेश म्हणाला. "पुढच्या साली लिपूच."