हाळी कापणारे सर

"हाळी दे की बे. मुका हाईस का?"

वर्गात शिरल्या शिरल्या सर पहिल्या बाकावरच्या पोराला असं दटावायचे. नवं पोर गांगरायचं, जुनी खुसखुसायची. बीडच्या आमच्या कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्राचे विभागप्रमुख. मी त्यांच्या हाताखाली तासिका तत्त्वावर शिकवणारी, म्हणजे दर जूनला नव्यानं नेमणूक मागत फिरणारी.

सर मूळचे आष्टीकडचे. तिकडं बिबट्या दिसला की एका शेतातून दुसऱ्या शेतात हाळी जाते. पेशीचंही तसंच, असं ते शिकवायचे. विषाणू आत शिरला की पेशीला सुगावा लागतो. आतल्या आत एक प्रथिन दुसऱ्याला निरोप देतं, आणि शेवटी शेजारच्या पेशींना इंटरफेरॉनची हाळी जाते, सावध व्हा म्हणून. हे सगळं ते बाकांवर करून दाखवत. पहिला बाक ओरडला की दुसऱ्यानं ओरडायचं, मग तिसऱ्यानं. एकदा आवाज मागच्या भिंतीला पोचला की पुन्हा पहिल्यापासून, पण या खेपेला सर दुसऱ्या बाकावरच्या पोराच्या तोंडावर हात ठेवायचे. मागचे बाक गप्पगार.

"ह्यो हात म्हंजे विषाणूचं एन्झाइम. कात्रीच हाय ती. आणली सोताचं लांबलचक प्रथिन बेतायला, आन जाता जाता निरोप्यालाच कापलं. पेशी मेली न्हाई, भिंत पडली न्हाई. शेजाऱ्याला पत्ता न्हाई, बास."

तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हीही त्यांचे भक्त झाला असता. मी झालेच होते. गावाकडून सीताफळं आणली की त्यातलं मोठं ते माझ्या टेबलावर ठेवायचे आणि वर म्हणायचे, "कावून लाजता ताई, खावा की."

मग विभागात एक कायम जागा निघाली. ती मलाच मिळावी असं सगळ्यांचं म्हणणं, पण संस्थेत दुसरंच काही शिजतंय अशी कुणकुण लागली. तेव्हा ठरलं की सोमवारी सगळ्यांनी मिळून सचिवांपुढं उभं राहायचं.

"समद्यांना निरोप मी देतो," सर म्हणाले. "तुमी निवांत ऱ्हावा."

सोमवारी मी एकटीच उभी होते. सचिव माझ्याकडं बघत होते, मी दाराकडं. कुणी आलं नाही. जागा सरांच्या जावयाला मिळाली.

पुढं गणिताच्या मॅडम भेटल्या, तर त्याच माझ्यावर फुगलेल्या. "अहो, तुम्हीच माघार घेतली म्हणून सरांनी सांगितलं. मग आम्ही कशाला यायचं?" प्रत्येकाला हाच निरोप गेला होता, माझ्या नावानं. काय म्हणावं या माणसाला? त्यापेक्षा विषाणू बरा, तो निदान सीताफळं तरी आणून देत नाही.

मी तडक पाली रस्त्यावरच्या त्यांच्या घरी गेले. त्यांनी काही नाकारलं नाही. चष्मा पुसत बसले.

"जावई घरी बसून होता, ताई. लेकीचं नांदणं अवघड झालतं."

"मग मला सांगायचं होतंत. मी आपणहून बाजूला झाले असते."

"झाला असता, ठावं हाय मला. म्हणून तर न्हाई सांगितलं. जलमभर तुमच्या उपकारात ऱ्हावं लागलं असतं."

नोकरीचं दुःख मी गिळलं, पण हे वाक्य अजून घशात अडकलंय. मी उठले, तसे ते फाटकापर्यंत सोडायला आले.

"लेकीला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "तिला यातलं काही ठावं न्हाई."

सर गेल्या वर्षी वारले. त्यांची लेक अधूनमधून बाजारात भेटते. माझे वडील देवमाणूस होते, म्हणते, आणि भर रस्त्यात माझ्या गळ्यात पडून रडते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि होय म्हणते.