आमच्या पोरीचं अमेरिकन गाणं

परक्यांच्या दुःखावर रडायला मला कधी जमलं नाही. रिफातल्या आमच्या मॅडमना मात्र ते फार छान जमायचं.

मॅडम म्हणजे बहरीनमधल्या हौशी मराठी लोकांच्या गाण्याच्या ग्रुपच्या सर्वेसर्वा. रिफा भागात भलामोठा व्हिला, तालमीसाठी खालचा हॉल आणि वर्षातून एक कार्यक्रम. यंदाचा विषय होता अमेरिकेला घडवणारे गायक-वादक. मी झल्लाकच्या एका हॉटेलात साउंड टेक्निशियन आहे, त्यामुळे ग्रुपचा साउंडही माझ्याच गळ्यात पडलेला.

निवेदन मॅडमनी स्वतः लिहिलं होतं, आणि लिहिलं होतं चांगलं. गुलामांनी कापसाच्या शेतात गायलेली गाणी, त्यातून जन्मलेलं संगीत, आणि तेच गोऱ्या पोरांनी गायल्यावर वेडी झालेली अख्खी अमेरिका. सरकार ज्या काळ्या वादकांना देशाचे दूत म्हणून जगभर मिरवायचं, त्यांना मायदेशी बसमध्ये मागच्या बाकावर बसावं लागायचं. मोठमोठ्या हॉटेलांत ते गायचे, पण आत शिरायचे स्वयंपाकघराच्या दारातून, आणि झोपायला जायचे शहराच्या दुसऱ्या टोकाला. या वाक्याला मॅडमचा आवाज भरून यायचा. प्रत्येक तालमीत, त्याच शब्दावर. बाकीच्या बायका पर्समधून टिश्यू काढायच्या.

"काय निर्दयी माणसं असतील हो ती!" एखादी म्हणायची. मी वायरी गुंडाळत मान डोलवायचो.

शेवटचं गाणं माझ्या मुलीला मिळालं होतं. काळ्या लोकांच्या चर्चमधलं जुनं गाणं, पुढे हक्कांच्या मोर्च्यांत घुमलेलं. सुरुवातीला एकटीचा आवाज, मग मागून कोरस. पोरगी सोळा वर्षांची, जन्म इथलाच, शाळा इंग्रजी. आम्ही मराठीत विचारावं, तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, असा आमच्या घरचा कारभार. गळा मात्र माझ्या वडिलांचा. म्हणून तर त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं होतं. नात स्टेजवर एकटी गाताना त्यांना बघायची होती, आणि तब्येत अशी की पुन्हा विमानात बसणं होणार नव्हतं.

वडील सातारा जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत पेटी वाजवून भीमगीतं गायचे. जयंतीला गावोगावची बोलावणी असायची. इथे आल्यापासून ते नातीला तेव्हाच्या गोष्टी सांगत बसायचे. गावातली बडी मंडळी वस्तीच्या हद्दीबाहेर उभी राहून गाणं ऐकायची, मान हलवून दाद द्यायची, पण वस्तीतलं पाणी प्यायची नाहीत. सकाळी त्याच गावातल्या हॉटेलात पार्टी चहाला गेली, की तिच्यासाठी वेगळे कप बाहेर ठेवलेले. आपला आपण धुवायचा आणि परत ठेवायचा. पोरगी आ वासून ऐकायची.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. ऐकणाऱ्याला त्यावरून काही पत्ता लागत नाही. कोणी "मूळचे कुठले?" विचारलं, की आम्ही जिल्हा सांगायचो आणि समोरच्याच्या गावाची चौकशी सुरू करायचो. आम्हा नवराबायकोच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की पोरीला वेगळं शिकवायला हवं हे डोक्यातच आलं नाही. गावाकडे ते पोरांना न शिकवताच कळतं. बहरीनमध्ये कुठून कळणार?

एका तालमीत मॅडम त्या स्वयंपाकघराच्या दाराच्या वाक्यापाशी येऊन रडल्या, आणि आमची पोरगी आनंदाने ओरडली, "आंटी, माय ग्रँडफादर ऑल्सो! ही वॉज अ सिंगर. एव्हरीबडी लाइक्ड हिज साँग्ज, बट ही गॉट टी इन अ सेपरेट कप. आउटसाइड! इट्स द सेम थिंग!"

एका काकूंनी "अय्या, खरंच?" म्हटलं आणि नवऱ्याकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "हो का? बरं, यल्ला, चला, कोरस घेऊ या." त्या कपासाठी कुणी टिश्यू काढला नाही.

पुढच्या तालमीत गाणं दुसऱ्या मुलीकडे गेलं होतं. मॅडमनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही पर्सनली घेऊ नका हं. आवाज छान आहे तिचा, पण जरा रांगडा वाटतो. या गाण्याला एक संस्कार लागतो."

"गुलामांच्या गाण्याला?" मी विचारलं.

"तसं नाही हो. आणि आपल्याकडे आता कुठे राहिलंय तसलं काही? मुलांच्या डोक्यात कशाला भरवायचं?" मग माझ्या खांद्यावरच्या वायरींकडे बघून म्हणाल्या, "कोरसमध्ये आहेच की ती. आणि साउंड तुमच्याशिवाय कोण बघणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळा साउंड उचलून निघून यावं असं वाटलं. पण पोरगीच म्हणाली, "नो पपा, प्लीज." तिला निदान कोरसमध्ये उभं राहायचं होतं. आजोबा कशासाठी आले होते?

कार्यक्रम झल्लाकला आमच्याच हॉटेलच्या हॉलमध्ये झाला. दुसऱ्या मुलीचा आवाज वरच्या सुराला फाटला, मागून कोरसने कसाबसा सावरला. तिचा माइक बंद करावा असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? केला नाही. टाळ्या भरपूर पडल्या.

प्रमुख पाहुण्या म्हणून एका अमेरिकन शिक्षिकेला बोलावलं होतं. मॅडम ज्यांच्यासाठी रडायच्या, त्यांच्यातल्याच त्या, काळ्या. कार्यक्रम संपल्यावर त्या सरळ आमच्या पोरीपाशी आल्या. कोरसमधला तिचा आवाज त्यांच्या कानाने वेगळा टिपला होता. इतकं चांगलं गातेस, घरात कोण गातं, असं त्यांनी तिला कौतुकाने विचारलं. वडील शेजारीच उभे होते, हात जोडून हसत. मॅडमही उभ्या होत्या.

पोरीने एकदा मॅडमकडे बघितलं, मग खाली बघितलं. "नोबडी," ती म्हणाली. "नोबडी सिंग्ज इन माय फॅमिली."

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या तालमीनंतर पहिल्यांदाच. "सच अ स्वीट गर्ल," त्या पाहुण्यांना म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर वडिलांनी मला विचारलं, "काय इचारत हुती रं ती बाई?"

दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. पण मला राग आवरेना. म्हटलं, "घरात कोण गातं, असं विचारत होती. तुमची नात म्हणाली, कोणी नाही."

पोरगी मागच्या सीटवर मान खाली घालून बसली होती. वडील चिडतील, निदान गप्प होतील, असं मला वाटलं. मला तेच हवं होतं, म्हणजे पोरीला लागलं असतं.

"मग बराबर हाय की," ते म्हणाले. "पार्टी संगं असली तर गोष्ट येगळी. एकटा कुठं भाड्यानं खोली बघाया गेलो की मीबी हेच सांगायचो. गातो म्हनलं की इचारत्यात कुठली गानी, आन् मग खोली मिळत न्हाय."

हे त्यांनी मला उभ्या आयुष्यात सांगितलं नव्हतं.

मग ते मागे वळले आणि नातीला अगदी मायेने म्हणाले, "फकस्त सांगताना अशी खाली बघू नगंस, बाय. लगीच कळतं त्यांना."

"ओके, आजोबा," ती म्हणाली, आणि तिने मान वर केली.